प्रार्थना आणि उत्तर यांच्या मधल्या काळात

नवऱ्याला मूठमाती दिली त्याच दिवशी एक परका माणूस मार्टीसमोर येऊन उभा राहतो आणि लग्नाचं विचारतो. त्याचीही बायको गेली आहे, घरात लहानगी मुलगी आहे आणि तिला आई हवी आहे. मार्टी कोवळ्या वयाची. गेलेल्या नवऱ्याचं मूल पोटात, हातात पैसा नाही, माहेर शेकडो मैल मागे राहिलेलं आणि हिवाळा तोंडावर आलेला. तो माणूस प्रेमाचं अक्षरही बोलत नाही. वसंत ऋतूत पूर्वेकडे परतणाऱ्या गाड्यांबरोबर जायचं असेल तर भाडं मी भरीन, फक्त माझ्या मुलीला सोबत घेऊन जा, एवढीच त्याची अट. मार्टी हो म्हणते, कारण दुसरा रस्ता नाही. मग दुसऱ्या दिवशी चूल समोर येते. तिला पॅनकेकशिवाय काही करता येत नाही, म्हणून जेवणामागून जेवण तेच पानात पडतं.

जेनेट ओक या कॅनडियन लेखिकेची ‘लव्ह कम्स सॉफ्टली’ ही कादंबरी १९७९ साली आली. अमेरिकेत ख्रिस्ती ऐतिहासिक कादंबऱ्यांचं जे मोठं दालन पुढे उभं राहिलं, त्याची सुरुवात बरेच जण या पुस्तकापासून धरतात. दुष्काळ, युद्ध, गुलामी, वैधव्य, साथीचे रोग यांत सापडलेली बाई आणि तिची देवाशी चाललेली झटापट, हा या दालनाचा कणा. मराठी वाचकांतही या पुस्तकांचा वाचकवर्ग आहे. कोणी चर्चच्या मंडळीतल्या मैत्रिणीकडून घेतं, कोणी परदेशातल्या नातलगाकडून मागवतं, कोणी फोनवर वाचतं. आणि पुष्कळदा अशी पुस्तकं हातात येतात ती स्वतःच्या घरात काहीतरी बिनसलेलं असताना. म्हणूनच ती कशी वाचावीत याचा विचार व्हायला हवा. चांगली वाचली तर ही पुस्तकं फार मोठा आधार देतात, आणि वाईट वाचली तर आधीच दबलेल्या बाईला आणखी दाबतात.

माझा भर एका गोष्टीवर आहे. कादंबरीत बाईची प्रार्थना असते आणि पुढे कधीतरी तिचं उत्तरही असतं. या दोहोंच्या मधल्या काळात ती बाई काय करते, ते बघा. तिचे हात कशात आहेत, निर्णय कोण घेतंय, ती कोणाला नाही म्हणू शकते का, आणि तिला शिकवणारं, सावरणारं दुसरं माणूस कोण आहे? लेखिकेचा कस या मधल्या पानांत लागतो. शेवट बहुतेक पुस्तकांचा गोडच असतो. त्यावरून पुस्तकाची पारख होत नाही.

मार्टीचंच बघा. कादंबरी अगदी साधी आहे, भाषा सरळ आहे, योगायोगही आहेत. पण तिचा मधला काळ खरा आहे. शेजारची ग्रॅहमबाई घरी येते. तीही कधीकाळी पदरात मुलं असताना विधवा झालेली, मग मुलंबाळं असलेल्या विधुराशी संसार मांडलेली. ती मार्टीला स्वयंपाकाच्या रीती सांगते आणि आपली कथाही सांगते. दुःख हलकं होतं ते या दोन बायकांच्या बोलण्यातून, पावाच्या पिठातून, रांगेने येणाऱ्या कामांतून. देवावरचा विश्वास मार्टीला नंतर येतो, आणि तो येईपर्यंत तिच्यावर कोणी जबरदस्ती करत नाही. या प्रकारात पहिल्यांदाच शिरत असाल तर इथून सुरुवात करायला हरकत नाही. इंग्रजी सोपं आहे आणि पुस्तक छोटं आहे.

मात्र अमेरिकेतल्या वसाहतींवरच्या अशा कादंबऱ्या वाचताना एक प्रश्न जवळ ठेवावा: ही जमीन आधी कोणाची होती? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने कुटुंबामागे १६० एकर सरकारी जमीन मिळू लागली. ती ‘सरकारी’ झाली होती ती तिथल्या मूळ रहिवाशांना हुसकावून. बऱ्याच कादंबऱ्यांत हे रहिवासी येतच नाहीत, किंवा आले तर भीती म्हणून येतात, नाहीतर धर्मांतराची वाट पाहणारी माणसं म्हणून. नायिकेच्या हालअपेष्टा त्यामुळे खोट्या ठरत नाहीत. पण त्याच मुलखात दुसरी एक बाई आपलं घर सोडून निघाली होती आणि तिच्यावर कोणी कादंबरी लिहिली नाही, हे वाचकाने विसरू नये. पुस्तकाच्या शेवटी लेखिकेचं टिपण असेल तर ते आधी वाचा. कथेत खरं किती आणि रचलेलं किती, हे प्रामाणिकपणे सांगणारी लेखिका एरवीही विश्वासाची असते, असा माझा अनुभव आहे.

आता फ्रान्सिन रिव्हर्स यांच्या ‘रिडीमिंग लव्ह’कडे येऊ. १९९१ साली आलेली ही कादंबरी या प्रकारात सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्यांपैकी आहे, २०२२ मध्ये तिच्यावर चित्रपटही आला. काळ १८५० चा, जागा कॅलिफोर्निया. जानेवारी १८४८ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि जगभरातले पुरुष धावले. त्यांच्या छावण्यांत ज्या बायका आणल्या गेल्या, त्यांतली एक एंजल. लहान असताना विकली गेलेली. मायकेल होशेय नावाचा शेतकरी तिच्याशी लग्न करतो, ती पळते, तो परत आणतो, ती पुन्हा पळते. नावावरूनच कळतं की लेखिकेने जुन्या करारातल्या होशेय संदेष्ट्याची कथा घेतली आहे. होशेयाने बाहेरख्याली गोमरेशी लग्न केलं, आणि त्या लग्नातून देवाचं इस्राएलावरचं प्रेम सांगितलं.

या कादंबरीने अनेक बायकांना रडवलं आणि सावरलं, हे मी नाकारत नाही. आपण डागाळलेल्या आहोत, आता आपल्याला कोणी पोटाशी धरणार नाही, असं मानणाऱ्या वाचकाला तिच्यातली मायेची चिकाटी फार खोलवर भिडते. तरीही इथे सावध राहून वाचायला हवं, कारण रूपकात एक अडचण असते. रूपकातला नवरा म्हणजे देव. तो चुकत नाही, थकत नाही, आणि त्याने परत आणलं ते भल्यासाठीच असतं. खऱ्या घरातला नवरा देव नसतो. मायकेल एंजलचा होकार मिळवतो तो ती मारहाणीने अर्धमेली पडलेली असताना. हे वाचताना तुमच्या मनात काही टोचलं तर ते टोचणं बरोबर आहे, ते गिळून टाकू नका. उलट बाजूनेही तेच. नवरा मारतो, तरी मी होशेयासारखं त्याला पुन्हा पुन्हा घरात घेतलं पाहिजे, असा धडा कोणी या पुस्तकातून काढत असेल, तर तो धडा पुस्तकाचाही नाही आणि होशेयाचाही नाही.

मधल्या काळाची कसोटी लावली की या कादंबरीचा सर्वांत सकस भाग मला शेवटाकडे दिसतो. सॅन फ्रान्सिस्कोत एंजल तिला लहानपणापासून वापरणाऱ्या माणसाच्या तावडीतून सुटते, आणि मायकेलकडे धावत जात नाही. ती तिथेच थांबते, तिच्यासारख्याच मुलींसाठी घर उभं करण्याच्या कामाला लागते. तिथे तिचं नाव, तिचं काम आणि तिची प्रार्थना, तिन्ही तिची स्वतःची होतात. नंतरचं परतणं मग तिच्या पायांनी झालेलं असतं. पहिल्या वाचनात ही पानं भराभर उलटली जातात, कारण आपल्याला दोघांची भेट हवी असते. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा इथे सावकाश जा.

आणि शेजारी एक सत्य ठेवा. त्याच १८५० साली कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने मूळ रहिवाशांच्या ‘संरक्षणा’च्या नावाखाली एक कायदा केला. त्यानुसार त्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या घरी सक्तीने कामाला ठेवता येत होतं. विकलेल्या एका मुलीची कथा वाचताना कायद्याने सक्तीने राबवता येणाऱ्या मुली त्याच खोऱ्यात होत्या, हे ठाऊक असलेलं बरं.

रिव्हर्स यांनी येशूच्या वंशावळीतल्या पाच स्त्रियांवर पाच लघुकादंबऱ्याही लिहिल्या आहेत: तामार, राहाब, रूथ, बथशेबा आणि मरीया. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात पुरुषांच्या लांबलचक यादीत या पाच जणी येतात. ही पुस्तकं वाचण्याची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी मराठी बायबल उघडायचं. रूथचं पुस्तक चारच अध्यायांचं आहे, एका बैठकीत होतं. नामी, तिच्या दोन सुना, बवाजाचं शेत, कापणीच्या मागे सरवा वेचणारी परदेशी विधवा. तामारसाठी उत्पत्तीचा अडतिसावा अध्याय. मग कादंबरी. असं केलं की लेखिकेने कुठली रिकामी जागा भरली ते स्वच्छ दिसतं. बथशेबेच्या बाबतीत तर हे करायलाच हवं. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या अकराव्या अध्यायात तिच्या मनात दाविदाविषयी काय होतं यावर एक शब्द नाही. राजाने माणसं पाठवून तिला आणवलं, आणि पुढे तिने आपण गरोदर असल्याचा निरोप धाडला, एवढंच. पुढच्या अध्यायात नाथान संदेष्टा दोष ठेवतो तो दाविदावर. म्हणून एखादी कादंबरी तिच्या मनात दाविदाविषयी ओढ घालते तेव्हा ती लेखिकेची भर आहे. भर घालण्याचा हक्क लेखिकेला आहे, आणि तपासण्याचा आपल्याला.

प्राचीन रोमवरच्या कादंबऱ्यांविषयी थोडक्यात सांगते. रिव्हर्स यांचीच हदासा, इसवी सन ७० मधल्या यरुशलेमेच्या पाडावात अनाथ होऊन गुलाम म्हणून रोमला गेलेली मुलगी, बऱ्याच जणींची लाडकी नायिका आहे. ती वाचा, पण तिच्याबरोबर पर्पेतुआला वाचा. ही खरी बाई. कार्थेज शहरात इसवी सन २०३ मध्ये तिला मारलं गेलं, तेव्हा ती बावीस वर्षांची होती आणि अंगावर पिणारं मूल होतं. तुरुंगात लिहिलेला तिचा वृत्तान्त टिकून राहिला आहे. इतक्या जुन्या काळातल्या ख्रिस्ती स्त्रीचं स्वतःचं लेखन फारच थोडं उरलंय. त्यात दूध साठून होणारा त्रास आहे, बाळ जवळ आल्यावर तुरुंग सुसह्य झाल्याचा आनंद आहे, विनवण्या करणाऱ्या म्हाताऱ्या बापाबद्दल कळवळा आहे. तिच्या सोबतची फेलिसिटी ही गुलाम बाई तुरुंगातच बाळंत झाली. हा मजकूर पंधरावीस पानांत संपतो, आणि तो वाचल्यावर हौतात्म्यावरच्या कादंबऱ्यांत कुठे जीव आहे आणि कुठे नुसती रोषणाई, ते आपोआप कळू लागतं.

कॅथरीन मार्शल यांची ‘क्रिस्टी’ ही १९६७ ची कादंबरी मी कोणाही वाचकाला बिनदिक्कत देईन. लेखिकेची आई लिओनोरा व्हिटेकर तरुणपणी टेनेसीच्या डोंगरांत मिशनच्या शाळेत शिकवायला गेली होती. तिच्याच आठवणींवर हे पुस्तक उभं आहे. १९१२ सालची गोष्ट. एकोणीस वर्षांची क्रिस्टी आगगाडीतून उतरते, पुढे रस्ता नाही, म्हणून टपालवाल्याच्या पावलांवर पाऊल टाकत बर्फातून मैलोन्‌मैल चालत कटर गॅपला पोचते. वाटेतल्याच घरात झाड अंगावर पडून जखमी झालेल्या माणसाच्या कवटीला डॉक्टर भोक पाडतो आणि तिला ते बघावं लागतं. शाळेत एकाच खोलीत सदुसष्ट मुलं. पिढ्यान्‌पिढ्यांची वैरं, चोरटी दारू, घाण पाणी, आणि शेवटी विषमज्वराची साथ.

या पुस्तकात मधला काळ फार दाट आहे. फेअरलाइट स्पेन्सर ही डोंगरातली गरीब आई क्रिस्टीकडून लिहायला-वाचायला शिकते. तिला अक्षरं उमगतात ती पानं वाचताना सावित्रीबाईंच्या आणि रमाबाईंच्या महाराष्ट्रातल्या माणसाचा गळा दाटून येणारच. पुढे ती साथीत जाते, आणि क्रिस्टीचा देवावरचा राग लेखिका लपवत नाही. पण मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ॲलिस हेंडरसन या प्रौढ मिशनरी बाईचं पात्र. सगळ्यांना धीर देणारी ही बाई एके दिवशी आपली कहाणी सांगते: ती मुलगी असताना एका फिरत्या धर्मोपदेशकानेच तिच्यावर अत्याचार केला होता, आणि त्यातून तिला मुलगी झाली. मार्शल स्वतः श्रद्धाळू, पाळकाची पत्नी राहिलेली. तरी धर्माच्या अंगणातला गुन्हा त्यांनी झाकला नाही. असं धैर्य दाखवणारी कादंबरी आणि ‘मंडळीतलं सगळं बरंच असतं’ म्हणणारी कादंबरी यांत फरक करायला शिका. पहिली तुम्हाला उपयोगी पडेल.

या सगळ्यांहून उंच उभी आहे ती सिग्रिड उंडसेट यांची ‘क्रिस्तिन लाव्हरान्सदात्तर’. मूळ नॉर्वेजियन, तीन खंड, १९२० ते १९२२. उंडसेट सोळाव्या वर्षी कचेरीत नोकरीला लागल्या, कारण पुरातत्त्वज्ञ असलेले वडील त्या अकरा वर्षांच्या असतानाच गेले होते. नोकरी करत रात्री लिहायचं, असं दहा वर्षं चाललं. ही कादंबरी लिहिली तेव्हा नवऱ्याचं घर सुटलं होतं, पदरात तीन मुलं होती आणि त्यांतली मुलगी बौद्धिकदृष्ट्या अपंग होती. १९२४ मध्ये त्या कॅथलिक झाल्या, १९२८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. म्हणजे कादंबरी लिहून झाल्यावर त्यांनी चर्चमध्ये प्रवेश केला. हे लक्षात ठेवून वाचलं की कळतं, लेखिका आधी मिळालेलं उत्तर पानांवर मांडत नाही, ती शोधते आहे.

चौदाव्या शतकातलं नॉर्वे. क्रिस्तिन ही लाव्हरान्स या सज्जन जमीनदाराची जिवापाड जपलेली मुलगी. बापाने ठरवलेला सरळमार्गी सिमोन सोडून ती अर्लेंड या देखण्या, बेभरवशाच्या सरदाराच्या नादी लागते. लग्नात कुमारिकेचा सोन्याचा मुकुट घालते तेव्हा पोटात मूल असतं, आणि ते तिला ठाऊक असतं. पुढचा सगळा जन्म या एका हट्टाची किंमत मोजण्यात जातो. मुलगे होतात, शेती तीच सांभाळते, नवरा राजकारणात इस्टेट घालवतो. दोघांचं प्रेम संपत नाही आणि दोघांचं भांडणही संपत नाही.

पहिल्या मुलाच्या जन्मानंतर ती प्रायश्चित्त म्हणून बाळाला पाठीशी बांधून अनवाणी निदारोसला चालत जाते. संत ओलाफचं थडगं तिथे होतं, आजचं ट्रॉन्हाइम ते हेच. वारीला गेलेल्या माणसाला हा प्रवास समजावून सांगावा लागणार नाही: तापलेले पाय, रस्त्यातल्या अनोळखी घरातलं दूध, मूल पाजायला थांबणं, आणि ज्या चढणीवरून पहिल्यांदा कॅथेड्रल दिसतं तिथे एकदम फुटलेलं रडू. ती सोन्याचा मुकुट तिथे देऊन टाकते. पण लेखिका यानंतर तिला सुखी करत नाही. क्रिस्तिन घरी येते आणि पुन्हा तशीच हट्टी, कडवट, मायाळू राहते. पश्चात्तापानंतरही स्वभाव तोच असतो, हे इतक्या सच्चेपणाने सांगणारी ख्रिस्ती कादंबरी मला दुसरी माहीत नाही.

आणि शेवट. १३४९ ची काळी साथ. म्हातारी क्रिस्तिन मठात आहे. घाबरलेले गावकरी रोगराईला बळी म्हणून एका भिकारणीच्या पोराला जिवंत पुरायला निघतात. क्रिस्तिन आणि मठातल्या बायका त्यांना अडवतात. त्यांतला एक जण तिला डिवचतो: पोराची आई घरात मरून पडली आहे, तिचं प्रेत आणायची हिंमत आहे का? ती रात्री जाते, कुजू लागलेलं ते शरीर उचलते, आणि त्यातच तिला लागण होते. शेवटची वस्तू म्हणून बोटातली लग्नाची अंगठी ती त्या भिकारणीच्या आत्म्यासाठी मिस्सा म्हणवण्याकरता देते. अंगठी काढल्यावर बोटावर तिच्या खुणेचा फिकट वळ उरलेला तिला दिसतो. हजारभर पानं वाचल्यावर हा वळ दिसतो तेव्हा त्याचं वजन कळतं. म्हणून मधली पानं गाळून शेवटाकडे उडी मारू नका.

ही कादंबरी इंग्रजीत वाचायची असेल तर टीना नुनली यांचं भाषांतर घ्या. १९२० च्या दशकातलं आर्चर आणि स्कॉट यांचं जुनं भाषांतर मुद्दाम पुरातन इंग्रजीत केलेलं आहे, आणि त्यात काही मजकूरही वगळला होता. मराठी वाचकाला ते नाहक जड जातं.

मराठीचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं की ही वाट आपल्याला परकी नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. लेखक १८५४ मध्ये ख्रिस्ती झालेले, विषय हिंदू विधवांची स्थिती, आणि विधवाविवाहाचा कायदा होऊन जेमतेम एक वर्ष लोटलेलं. यमुना नवऱ्याबरोबर फिरते, गावोगावच्या विधवांचे हाल बघते, आणि पुढे तोच घाव तिच्यावर पडतो. कादंबरी म्हणून ती अवघडलेली आहे, उपदेश उघडउघड आहे आणि नायिकेच्या दुःखाला धर्मांतराचं उत्तर फार लवकर मिळतं. तरीही त्यातल्या विधवांच्या हकिकती आजही अंगावर येतात. ती त्या काळी इतिहास नव्हती, समोरचं वर्तमान होती. आज आपण ती इतिहास म्हणून वाचतो. तिच्यासोबत अहमदनगरला जन्मलेल्या कृपाबाई सत्यनाथन यांच्या ‘सगुणा’ आणि ‘कमला’ या इंग्रजी कादंबऱ्या ठेवा. १८९४ साली अगदी तरुण वयात त्या गेल्या. त्यांच्या नायिका शिकू पाहतात, आणि घर, समाज, मिशन या तिघांशीही त्यांचं सहज जमत नाही.

पण माझं आग्रहाचं सांगणं यापुढचं आहे. अशी प्रत्येक कादंबरी वाचताना एका खऱ्या बाईचं स्वतःचं लेखन जोडीला घ्या. आपल्याकडे ते सुदैवाने आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, १९३४ पासून भागाभागाने आलेली. १८९५ मध्ये नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ही मधली वर्षं त्यांनी कशी काढली ते वाचा: सोवळं कसं एकेक करून गळून पडलं, मन कधी फिरलं, हसू कुठे शाबूत राहिलं. कादंबरीकार ज्या मधल्या काळाची कल्पना करते, तो इथे जगलेला आहे. पंडिता रमाबाईंचंही तसंच. आईबाप दुष्काळात गेलेले, नवरा लवकर गेलेला, १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा, आणि मग केडगावचं मुक्ती सदन, जिथे १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या मुली वाढल्या. त्यांची इंग्लंडमधल्या धर्मभगिनींशी झालेली पत्रं वाचली तर दिसेल की श्रद्धा स्वीकारल्यावरही ही बाई मोठ्यांशी मुद्द्याला मुद्दा लावून वाद घालत होती. कादंबरीतली नायिका फारच मऊ, फारच आज्ञाधारक वाटू लागली की मी रमाबाईंची पत्रं काढते.

महिला मंडळात किंवा चार मैत्रिणींत मिळून वाचणार असाल तर काही पथ्यं पाळावीत. अत्याचार, गर्भपात, मुलाचा मृत्यू यांचे प्रसंग कोणालाही मोठ्याने वाचायला लावू नका. कोणत्या प्रकरणात काय आहे ते आधी सांगून ठेवा, आणि ते प्रकरण गाळणाऱ्याला कारण विचारू नका. नायिकेच्या सोशिकपणाचं उदाहरण समोर बसलेल्या बाईला देऊ नका. तिच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. वाचनाच्या निमित्ताने कोणी मार खात असल्याचं बोलून गेली, तर त्या दिवशी पुस्तक मिटा. प्रार्थना जरूर करा, आणि त्याच बैठकीत तिला १८१ हा महिला हेल्पलाइनचा क्रमांक द्या, हवं तर शेजारी बसून फोन लावा. चर्चेला विषय हवा असेल तर ‘तुम्हाला काय बोध मिळाला’ हा प्रश्न टाळावा. त्याऐवजी विचारा: तिने कुठे नाही म्हटलं? तिच्या जागी कोण बोललं? तिला मदत कोणी केली, आणि कोण करू शकत होतं पण केली नाही? या प्रश्नांवर बायका मोकळ्या होतात.

क्रम विचाराल तर असा. पहिल्यांदा रूथचे चार अध्याय, मग ‘लव्ह कम्स सॉफ्टली’, मग ‘क्रिस्टी’ आणि तिच्या जोडीला ‘स्मृतिचित्रे’. ‘रिडीमिंग लव्ह’ एकटीने आणि मन खचलेलं असताना वाचू नका, सोबतीला कोणी असू द्या. ‘क्रिस्तिन’ला पावसाळा द्या. सुरुवातीला नावं डोक्यात बसत नाहीत, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर कोण कोणाचं कोण ते लिहून ठेवा: लाव्हरान्स बाप, राग्नफ्रिड आई, उल्व्हिल्ड धाकटी बहीण, सिमोन ठरलेला वर, अर्लेंड नवरा. आडनावांच्या भानगडीत पडू नका. तिथे मुलीच्या नावापुढे बापाचंच नाव लागतं, आपल्याला ते नवं नाही. पहिल्या खंडातल्या मठाच्या प्रकरणापर्यंत पोचलात की पुढे वहीची गरज उरत नाही.